आई अजून घडते आहे

मराठीत एका चष्म्याला वयाचं नाव आहे. जवळचं वाचायला लागतो त्या चष्म्याला आपण 'चाळिशी' म्हणतो. हा शब्द ज्यांनी घडवला त्यांचं निरीक्षण पक्कं होतं. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर कडक होत जातं, आणि चाळिशी-पंचेचाळिशीच्या सुमारास ते इतकं कडक होतं की औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचायला हात लांब करावा लागतो. हे जवळपास सगळ्यांना होतं.

याच भाषेत 'साठी बुद्धी नाठी' अशीही म्हण आहे, आणि तिचं निरीक्षण मात्र कच्चं आहे. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये वॉर्नर शाय या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली एक अभ्यास सुरू केला. प्रौढ माणसांच्या बौद्धिक चाचण्या घ्यायच्या आणि त्याच माणसांना दर सात वर्षांनी पुन्हा बोलवायचं. हे काम अनेक दशकं चाललं. त्यातून दिसलं ते असं की बुद्धी नावाची एकच गोष्ट नसते, आणि तिचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वेळी म्हातारे होतात. शब्दांची जाण, तर्क यांसारख्या गोष्टी मध्यमवयात वर असतात, आणि सरासरीत लक्षात यावी अशी घसरण साधारण साठीनंतर सुरू होते. एकच गोष्ट फार लवकर उतरणीला लागते, ती म्हणजे वेग. तो तर विशीनंतरच कमी व्हायला लागतो. म्हणजे मी २८ वर्षांची आहे आणि माझी घसरण आधीच सुरू झालेली आहे, फक्त त्यावर कुणी म्हण केलेली नाही.

हे सगळं मी वाचत बसले त्याला कारण आमच्या घरातला एक प्रश्न. तो अजून सुटलेला नाही.

माझी आई गेल्या मे महिन्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली. वय ५८. बाबा ६३ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. दोघं कराडला असतात. दादा आणि वहिनी पुण्यात वाकडला, दोघंही माझ्यासारखेच आयटीत. वहिनीला दिवाळीच्या सुमारास बाळ होणार आहे. तिची आई ती कॉलेजात असतानाच गेली. त्यामुळे आई निवृत्त होण्याच्या कितीतरी आधीपासून सगळ्यांच्या डोक्यात एक वेळापत्रक तयार होतं: आई मे महिन्यात मोकळी होणार, दिवाळीला बाळ येणार, आई पुण्याला येणार. किती दिवसांसाठी, हे कुणी बोललं नव्हतं, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. बाळ शाळेत जाईपर्यंत.

जुलैमध्ये आई जेवताना म्हणाली, "मी येईन. तीन महिने पूर्ण राहीन. बाळंतपण करीन, बाळाला अंघोळ घालीन, डिंकाचे लाडू करून ठेवीन. त्यानंतर मी परत येणार. मी गाडी शिकतेय आणि मला कामं आहेत."

कामं म्हणजे अशी. आई आणि तिच्याबरोबर निवृत्त झालेल्या दोन बाई मिळून पाटणच्या बाजूच्या वाड्यांमध्ये जाऊन तिसरी-चौथीतल्या ज्या मुलांना अजून धड वाचता येत नाही त्यांना वाचायला शिकवणार आहेत. त्या वाड्यांवर एसटी दिवसातून दोनदा जाते, तीही गेली तर. बाबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही संध्याकाळी समोरच्या गाड्यांच्या दिव्यांचा त्रास होतो, त्यामुळे दिवस मावळला की ते गाडी काढत नाहीत. तेव्हा आईने ठरवलं की गाडी आपणच शिकायची.

दादा फोनवर मला म्हणाला, "स्वतःच्या नातवापेक्षा दुसऱ्यांची मुलं?" हा प्रश्न मला सोपा वाटत नाही. तो स्वार्थी आहे म्हणून सोडून देण्यासारखाही नाही.

आधी त्याच्या खालचं गृहीतक बघू. आम्ही सॉफ्टवेअरवाले एक शब्द वापरतो: मेंटेनन्स मोड. एखादं सॉफ्टवेअर त्या अवस्थेत गेलं की त्यात नवीन काही घालायचं नाही. ते चालू राहील एवढं बघायचं, बिघडलं तर दुरुस्त करायचं, आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या बाकीच्या गोष्टींना ते पुरवत राहील याची काळजी घ्यायची. आईवडील ५५-६० चे झाले की आपण त्यांना नकळत याच अवस्थेत टाकतो. बीपीच्या गोळ्या, वर्षातून एकदा सगळ्या तपासण्या, गुडघ्यांना तेल. यात प्रेम असतं, खोटं काही नसतं. फक्त यापुढे या माणसात नवीन काही होईल अशी अपेक्षा नसते.

गंमत म्हणजे आपण स्वतःबद्दलही असाच विचार करतो. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक संशोधन आलं होतं. १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांहून अधिक लोकांना विचारलं होतं की गेल्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात आणि पुढच्या दहा वर्षांत किती बदलाल. प्रत्येक वयाच्या लोकांनी म्हटलं, मागच्या दहा वर्षांत पुष्कळ बदललो, पुढे मात्र फारसं नाही. संशोधकांनी याला 'इतिहास संपल्याचा भ्रम' असं नाव दिलं. आता हा भ्रम स्वतःबद्दल असतो तिथे निदान एक सोय आहे: दहा वर्षांनी आपण बदललेले असतोच, आणि तो आपोआप खोटा ठरतो. दुसऱ्याबद्दलचा भ्रम असा सहजासहजी खोटा ठरत नाही, कारण आपण त्या माणसाला बदलूच देत नाही. माझ्या डोक्यातली आई साधारण मी दहावीत असतानाची आहे. तिला वांग्याची भाजी आवडते आणि गाडीची भीती वाटते. प्रत्यक्षातल्या आईला आता यातलं एकही लागू नाही.

मानसशास्त्रात माणसाची वाढ विशी-पंचविशीत संपत नाही हे ठामपणे मांडणाऱ्यांत एरिक एरिक्सनचं नाव मोठं. १९५० सालच्या 'चाइल्डहूड अँड सोसायटी' या पुस्तकात त्याने आयुष्याचे आठ टप्पे सांगितले. प्रत्येक टप्प्यात एक पेच. मध्यमवयातला पेच त्याने असा मांडला: एकीकडे 'जनरेटिव्हिटी', दुसरीकडे साचलेपण. या पहिल्या शब्दाला मला चांगला मराठी शब्द सापडत नाही. पुढे येणाऱ्यांसाठी काहीतरी लावून जाण्याची ओढ, आंब्याची कोय पुरताना असते तशी. आणि शेवटचा पेच म्हणजे आपलं आयुष्य जसं झालं तसं पदरात घेता येणं किंवा न येणं. हे लिहिलं तेव्हा एरिक्सन ४८ वर्षांचा होता, म्हणजे शेवटच्या टप्प्याबद्दल तो माझ्याप्रमाणेच ऐकीव माहितीवर बोलत होता.

पुढे १९८२ साली त्याने 'द लाइफ सायकल कम्प्लीटेड' नावाचं पुस्तक काढलं, पूर्ण झालेलं जीवनचक्र. १९९४ मध्ये तो वारला. त्याची बायको जोन त्याच्या सगळ्या कामात त्याच्याबरोबर होती. नव्वदी ओलांडल्यावर तिच्या लक्षात आलं की हे आठ टप्पे पुरत नाहीत, नव्वदीतलं जगणं यात बसत नाही. तिने त्याच पुस्तकाला नवव्या टप्प्याची प्रकरणं जोडली आणि १९९७ साली ती आवृत्ती निघाली. 'पूर्ण झालेलं' असं नाव असलेल्या पुस्तकात नव्वदीतल्या बाईने भर घालावी, हे मला एरिक्सनच्या कुठल्याही सिद्धान्तापेक्षा जास्त पटतं.

शरीराचंही तेच. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात हे खरं. पण १९९० मध्ये अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमातल्या अगदी अशक्त, नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा वजनांचा व्यायाम करून घेतला गेला. ज्यांनी तो पुरा केला त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! आपण मात्र साठीच्या माणसाच्या हातातून भाजीची पिशवी काढून घेतो.

कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा समंजस निघाला. गाडीच्या लायसन्सला वयाची वरची मर्यादा नाही. चाळिशी ओलांडलेल्याला डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडावं लागतं (पुन्हा चाळिशी!). आणि पंचावन्ननंतर काढलेलं लायसन्स एका वेळी पाच वर्षांचं मिळतं. म्हणजे आईचं लायसन्स ६३ व्या वर्षापर्यंत. मग पुन्हा तपासून घ्या, पुन्हा पाच वर्षं. यात 'तुझं झालं आता' असं म्हटलेलं नाही आणि 'तुला काहीच होत नाही' असा खोटा धीरही दिलेला नाही. आईचा वेग कमी झालाय, हे तिचा ड्रायव्हिंग स्कूलवालाही सांगतो. ब्रेकवर पाय जरा उशिरा जातो. पण ती पुढच्या गाडीपासून अंतर ठेवते, वळणाच्या कितीतरी आधी गिअर उतरवते आणि कुणाशी शर्यत लावत नाही. पाऊल जिथे उशिरा पडतं तिथे डोकं आधी पोचतं. म्हातारपणाचा अभ्यास करणारे जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस याला भरपाई म्हणत, आणि उदाहरण पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइनचं देत. उतारवयात तो थोड्याच रचना निवडायचा, त्यांचाच सराव जास्त करायचा, आणि जलद भाग येण्याआधी मुद्दाम सावकाश वाजवायचा, म्हणजे पुढचा भाग आहे त्याहून जलद वाटावा.

आता दादाच्या प्रश्नाकडे. स्वतःचा नातू की दुसऱ्यांची मुलं?

एरिक्सनलाच हा प्रश्न आडवा आला होता, आणि तोही आपल्याकडच्या एका माणसाच्या निमित्ताने. १९६९ साली त्याने 'गांधीज ट्रुथ' हे पुस्तक लिहिलं. त्याच्या मध्यभागी १९१८ चा अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा संप आहे. तेव्हा गांधी ४८ वर्षांचे होते. मध्यमवयातला माणूस घराबाहेरच्या हजारो लोकांचा बाप कसा होतो, हे एरिक्सनला बघायचं होतं. पण त्याच पुस्तकात त्याने मध्येच थांबून गांधींना उद्देशून एक पत्र लिहिलं आहे, आणि अहिंसेच्या या माणसाने आपल्या जवळच्या माणसांवर नैतिकतेची कशी सक्ती केली याबद्दल त्यांना सुनावलं आहे. हरिलालचं काय झालं ते आपल्याला माहीत आहेच. तेव्हा 'जगाचं भलं करायला निघालेल्याने घर विसरलं तर चालतं' असं मी म्हणणार नाही. आंब्याची कोय दुसऱ्याच्या बांधावर पुरणारा माणूस घरच्यांना उपाशी ठेवत असेल तर विचारायलाच हवं.

पण आईने उपाशी कुणाला ठेवलं? तिने आम्हा दोघांना वाढवलं, आजीचं शेवटचं दुखणं काढलं, आणि ३३ वर्षं शाळा केली. तीन महिन्यांचा शब्द दिलाय आणि ती तो पाळणार. तिचं आमच्यावरचं प्रेम इथे मोजायचं नाही. त्या प्रेमाला पुढची पाच वर्षं कुठे उभं करायचं हे कुणी ठरवायचं, एवढाच प्रश्न आहे. माझ्या मते हे ज्याचं आयुष्य त्याने ठरवावं, आणि बाकीच्यांनी विनंती करावी. विनंतीला 'नाही' असं उत्तर येऊ शकतं. येऊ शकत नसेल तर ती विनंती नव्हे, हुकूम असतो, मग तो कितीही गोड आवाजात दिलेला असो.

महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं ते १९१६ साली. जन्म १८५८. म्हणजे वय ५८, महाराष्ट्रात शिक्षक निवृत्त होतात तेच. समता संघ काढला तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. हे उदाहरण मी दादाला पाठवलं तर त्याचं उत्तर आलं: "कर्व्यांच्या घरी नातवंडांना कोण बघत होतं, ते पण शोध." त्याचा टोमणा माझ्या मते बरोबर जागी लागला, फक्त ज्या दिशेने त्याने मारला त्या दिशेने नव्हे.

कारण या सगळ्यात वहिनी आहे. ती ३१ वर्षांची आहे, यंदा टीम लीड झाली, आणि तिची बाजू कुठल्याही सिद्धान्ताने खोडता येत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर तिला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. त्याच कायद्यात ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने पाळणाघराची सोय करावी असंही आहे. तिच्या कंपनीची सोय कागदोपत्री आहे. प्रत्यक्षात ते पाळणाघर ऑफिसपासून नऊ किलोमीटरवर आणि संध्याकाळी सहाला बंद होणारं. तिच्या अमेरिकेतल्या क्लायंटचा दिवस सहानंतर सुरू होतो. तेव्हा आई परत गेली तर वहिनीचं काय, हा प्रश्न खरा आहे. तीही घडतेच आहे. एकीची पुढची वाढ दुसरीच्या वाढीच्या आड येते आहे, असं चित्र उभं राहतं, आणि दोघींतली एक समजूतदार असेल तर ती माघार घेते. आपल्याकडे बहुतेक घरांत हा प्रश्न असाच 'सुटतो'.

पर्याय म्हणून दादाने ब्युरोतून चोवीस तासांची बाई बघायला सुरुवात केली. पहिलं नाव आलं त्या मावशी ५४ वर्षांच्या, मराठवाड्यातल्या, त्यांना गावाकडे तीन नातवंडं. त्यांची सून ती सांभाळते आणि शेतावरही जाते. आईकडे पेन्शन आहे म्हणून ती 'मला कामं आहेत' म्हणू शकते. मावशींच्या आयुष्याचा सातवा टप्पा वाकडमधल्या आमच्या बाळाला पावडरचं दूध पाजण्यात जाणार, आणि एरिक्सनच्या तक्त्यात त्याला कुठला रकाना आहे मला सापडला नाही. मी त्यांना कामावर ठेवू नका असं म्हणत नाही. त्यांना त्या पैशांची गरज आहे. पण आईच्या स्वातंत्र्याची किंमत कुणीतरी दुसऱ्या आजीने भरायची असेल तर ते स्वातंत्र्य म्हणून मिरवायला मला जड जातं.

बराच काळ माझ्या लक्षात एक गोष्ट खुपत होती, ती शेवटी नीट दिसली. या हिशेबात आई आहे, वहिनी आहे, मावशी आहेत, मावशींची सून आहे. दादा आणि बाबा नाहीत. बाबा गेली तीन वर्षं घरी आहेत. त्यांना मोकळे म्हणून कुणी धरलेलं नव्हतं, कारण बाळाच्या बाबतीत पुरुष मोकळा असणं हे मोजलंच जात नाही. दादाच्या कंपनीत पितृत्वाची रजा आहे. खासगी कंपन्यांवर अशी रजा देण्याची कायद्याने सक्ती नाही, तरी त्यांनी सहा आठवडे ठेवली आहे. त्याच्या टीममध्ये आजवर कुणीही एक आठवड्यापेक्षा जास्त घेतलेली नाही.

डेव्हिड गटमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने नवाहो, माया, ड्रूझ अशा अगदी वेगवेगळ्या समाजांतल्या वयस्कर माणसांचा अभ्यास केला होता. त्याचं म्हणणं, मुलं वाढवण्याच्या काळात बाई आणि पुरुष आपापल्या स्वभावाचा एकेक भाग दाबून ठेवतात. मुलं मोठी झाली की तो वर येतो. बायका जास्त ठाम होतात, पुरुष जास्त मऊ. सगळीकडे असंच होतं का याबद्दल मी शंका ठेवीन, पण आमच्या घरात ते डोळ्यांसमोर घडतंय. ज्या बाबांनी नोकरीत असताना चहाचा कपही उचलून ठेवला नाही ते आता सकाळी उपमा करतात, आणि शेजारचा दीड वर्षाचा मुलगा आमच्याकडे आला की अर्धा तास त्याच्यासाठी कणकेचे प्राणी करत बसतात. आम्ही आईला जशी थांबवून ठेवली होती तसंच बाबांनाही ठेवलं होतं. त्यांना फक्त जास्त आरामाच्या जागी.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबा म्हणाले, "हिचे तीन महिने झाले की मी येतो. सहा महिने राहीन म्हणतो. मला फक्त मान कशी धरायची ते शिकव." शेवटचं वाक्य आईला होतं. ती म्हणाली, "आधी उशी घ्या हातात, मग बघू." दादा हसला, आणि मग हसायचं की नाही हे न कळून थांबला.

वहिनीने मला रात्री वेगळा मेसेज केला. बाबा प्रेमळ आहेत, तिला आवडतात, पण घरात दिवसभर सासरे असताना दूध कसं पाजायचं, गाउनवर कसं वावरायचं, रात्रभर जागून झाल्यावर रडू आलं तर कुठे रडायचं. हे सगळं आईसमोर चालतं, बाबांसमोर नाही. यावर मला एरिक्सनकडून किंवा गटमनकडून काही मदत झाली नाही. आम्ही दोघींनी बसून खोल्यांचं वाटप काढलं: हॉल बाबांचा, आतली खोली तिची, दार लावायचं म्हणजे लावायचं. बाबांना दुपारी दोन तास बाहेर पाठवायचं, जवळ वाचनालय आहे. बाबांनी सहा महिने कराडच्या मित्रांशिवाय काढायचे म्हणजे त्यांनाही तिथे कुणीतरी हवं. वहिनीच्या रजेचा शेवट एप्रिलच्या आसपास येतो, म्हणजे तोवर हे सगळं बसवून बघायला वेळ आहे.

आईची ड्रायव्हिंगची चाचणी पुढच्या महिन्यात आहे. आठ आकडा तिला जमतो, चढावर गाडी थांबवून पुन्हा काढताना अजून मागे जाते. बाबा रोज पहाटे तिच्या शेजारी बसून प्रीतिसंगमाच्या बाजूला जातात आणि हँडब्रेकवर हात ठेवून असतात.

दादाने सहा आठवड्यांच्या रजेचा अर्ज अजून केलेला नाही.